मोहन बागानचे जुने खेळाडू

कलकत्त्याच्या मैदानावर २९ जुलै १९११ रोजीं जें घडलें, तें डोळ्यांनीं पाहिलेला मनुष्य आज हयात नाहीं. तरीहि मोहन बागान क्लबच्या एखाद्या समर्थकाला त्या दिवसाविषयीं विचारावें, कीं तो काल पाहिल्यासारखें सांगूं लागतो. ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या शिपायांनीं प्रथम गोल केला. मग कप्तान शिबदास भादुरी यांनीं बरोबरी साधली. आणि वेळ संपत आली असतां अभिलाष घोषांनीं दुसरा गोल करून आय. एफ. ए. शील्ड मिळवून दिली. ही ढाल जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. अकरांपैकीं दहा जण अनवाणी होते. बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जींच्या पायांत. गर्दीमुळें ज्यांना खेळ दिसत नव्हता, त्यांना गोलांची वार्ता पतंग उडवून कळविण्यांत आली.

सामना संपल्यावर कोणीं एकानें फोर्ट विल्यमवरील ब्रिटिश निशाणाकडे बोट दाखवून तें केव्हां उतरणार असें विचारलें, अशीहि एक कथा आहे. तिचा पुरावा मागणें हें इतिहासकाराचें काम. समर्थकाला ती खरी असावी असें वाटतें. आणि ज्या वर्षीं राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा झाली, त्या वर्षाच्या आठवणींत ती शोभतेहि.

या आठवणींत एक मौज आहे. १९२० सालीं ईस्ट बंगाल क्लब निघाला. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासितांनीं त्याला आपला मानलें, आणि मोहन बागान हा पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा, 'घोटीं'चा, क्लब ठरला. परंतु ज्यांचीं नांवें हे घोटी भक्तिभावानें घेतात ते आले कोठून? भादुरी बंधूंचें घराणें पूर्व बंगालांतील फरिदपूरचें. ज्यांना 'चीनची भिंत' म्हणत आणि १९६२ सालीं ज्यांना पद्मश्री मिळाली, ते बचावपटु गोष्ठ पालहि फरिदपूरचेच. चुनी गोस्वामी किशोरगंजचे. पुढें आंखली गेलेली सीमा या स्मृतींना माहीतच नाहीं!

शैलेन मन्ना यांचें उदाहरण तर फारच बोलकें आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें, जेथें बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणीच उतरले होते, फ्रान्सविरुद्ध मन्नांची पेनल्टी चुकली, व भारत १-२ असा हरला. दुसऱ्या कोणाला ही चूक जन्मभर चिकटली असती. समर्थकांनीं मात्र लक्षांत ठेवल्या त्या त्यांच्या दूरवरून मारलेल्या फ्री किक, त्यांचा सौजन्यशील स्वभाव, आणि १९५१ सालीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत त्यांच्या नेतृत्वाखालीं मिळालेलें सुवर्णपदक. २००१ सालीं पहिलें 'मोहन बागान रत्न' त्यांनाच देण्यांत आलें.

चुनी गोस्वामींनीं दुसऱ्या क्लबचा पोशाख कधीं चढविलाच नाहीं. मुंबईकरांना त्यांची ओळख निराळ्या रूपानें आहे : १९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यांत मुंबईविरुद्ध त्यांनीं ९६ व ८४ धावा काढल्या होत्या. ३० एप्रिल २०२० रोजीं ते वारले, तेव्हां टाळेबंदी होती. एरवीं ज्या अंत्ययात्रेला सारें मैदान लोटलें असतें, ती मोजक्या माणसांत झाली.

त्याच वर्षीं क्लबच्या फुटबॉल विभागाचें एटीके या व्यावसायिक संघाशीं विलीनीकरण होऊन 'एटीके मोहन बागान' हें नांव आलें. पैशावांचून आजच्या इंडियन सुपर लीगमध्यें टिकाव लागत नाहीं, हें मालकांचें म्हणणें खोटें नव्हतें. पण शिबदास आणि गोष्ठ पाल ज्या नांवासाठीं खेळले, त्याच्यापुढें दुसरें नांव कां, हा समर्थकांचा सवाल होता. त्यांनीं निदर्शनें केलीं, फलक धरले. अखेर २०२३ सालीं संघानें ती लीग जिंकली, त्याच वेळीं जुनें उपपद काढून 'मोहन बागान सुपर जायंट' हें नांव जाहीर झालें. पाठचीं दोन अक्षरें कायम राहिलीं खरीं. पण वयस्क समर्थक आजहि नुसतें 'मोहन बागान' म्हणतात.