प्रतिभा ओळखणारी प्रतिभा



'सर्जनशीलता' हा शब्द उच्चारला की सर्वसामान्य गृहस्थ थोडा मागे सरतो. हे काम कवींचे, चित्रकारांचे, फार तर शास्त्रज्ञांचे. आपला प्रपंच, नोकरी, मुलांच्या परीक्षा यांत तिला जागा कुठली, असे त्याला वाटते. प्रतिभा ही दैवी देणगी. ज्याला लाभली त्याला लाभली, उरलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात, अशी एकूण समजूत आहे. आपल्या पूर्वसूरींनी मात्र या विषयाचा विचार याहून पुष्कळ खोलवर केला होता.

अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्यनिर्मितीच्या मुळाशी तीन गोष्टी सांगितल्या. उपजत शक्ती, लोकव्यवहार व शास्त्रे यांच्या अवलोकनातून येणारे नैपुण्य आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास. या तिन्हींसाठी त्याने 'हेतू' हा शब्द एकवचनी योजला. तिन्ही मिळून एकच कारण होते, असा त्याचा आशय. त्याच्या आधी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे दोन प्रकार केले. निर्माण करणाऱ्याची ती कारयित्री आणि त्या निर्मितीचे मर्म जाणणाऱ्याची ती भावयित्री. निर्माता आणि जाणकार या दोघांसाठी त्याने 'प्रतिभा' हाच शब्द वापरला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कारयित्री प्रतिभा कोणाच्या वाट्याला किती यावी हे माणसाच्या हाती नसेलही. पण भावयित्री प्रतिभा प्रत्येक घरात, शाळेत आणि कचेरीत जोपासता येते. ती नसेल तर पहिलीही पुष्कळदा अंकुरण्याआधीच सुकते.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण या दृष्टीने पाहावे. १९१०-११च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या एका संध्याकाळीच सारे घडले, असे सांगण्यात नाट्य आहे. पण ते अर्धेच सत्य आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके तेव्हा चाळिशीत होते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, नेपथ्य, जादूचे प्रयोग, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, शिळाछपाई, मुद्रणाचा व्यवसाय या साऱ्यांतून ते गेले होते. जगाच्या दृष्टीने ती एका अस्थिर माणसाची धरसोड होती. चित्रपट समोर येताच त्या प्रत्येक विद्येला एकदम काम मिळाले. मम्मटाचे नैपुण्य आणि अभ्यास ते हेच. ठिणगी पडली ती पंचवीस वर्षे रचलेल्या सरपणावर.

आता या कथेची दुसरी बाजू. फाळके यांनी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या, १९१२ साली ते लंडनला गेले आणि चित्रीकरणाचा कॅमेरा खरेदी करून परतले. मग कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण त्यांनी केले. पडद्यावर पाहता पाहता रोप वर आले आणि पैसा उभा करण्याचा मार्ग खुला झाला. या सर्व काळात घर चालविणारी स्त्री होती सरस्वतीबाई फाळके. संसाराचा आधार असलेल्या पॉलिसी गहाण पडत आहेत, सतत चित्रपट पाहून पतीची दृष्टी धोक्यात आली आहे, आप्तेष्ट वेड लागल्याचे बोलत आहेत. अशा वेळी त्यांनी विरोध केला असता तर त्यांना दोष कोणी दिला असता? पण त्यांनी ते काम समजून घेतले. कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे हे सारे त्या शिकल्या. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि रात्री फिल्मचे काम, असा त्यांचा क्रम होता. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना फाळक्यांनी त्या भूमिकेत उभे केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून फाळके यांचे नाव घेतले जाते ते यथार्थच. परंतु राजशेखराच्या भाषेत त्या घरी प्रतिभा दोन होत्या.

जिथे ही दुसरी प्रतिभा उशिरा भेटते तिथे काय होते, हे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या आयुष्यात दिसते. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळाली येथे शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचे पद नाही. संख्यांशी खेळणे हाच त्यांचा ध्यास. त्यांनी शोधलेली एक गंमत घरी मुलांसह करून पाहण्यासारखी आहे. चारही आकडे सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. फाळके यांचे जन्मवर्ष १८७० घेतले, तर ८७१० वजा ०१७८ म्हणजे ८५३२; मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी उत्तर ६१७४ च. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येऊन थांबते. आज जगभर ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. मात्र अनेक वर्षे त्यांचे बरेचसे लेखन त्यांनी स्वतःच काढलेल्या पुस्तिकांत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर होते. आपल्या अंगणातील माणूस ओळखण्यासाठी सातासमुद्रापलीकडचा रसिक लागावा, ही गोष्ट अभिमानाची की अंतर्मुख होण्याची?

कामाच्या ठिकाणी ही दृष्टी असली तर काय साधते, याचे उत्तर जयपूरने दिले आहे. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी अपंग रुग्णांवर उपचार करीत. कृत्रिम पाय उपलब्ध होते. पण ते बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी घडवलेले. भारतीय शेतकऱ्याला अनवाणी चालायचे, चिखलात उतरायचे, मांडी घालून बसायचे असते. तो पाय त्याच्या घरच्या कोपऱ्यात पडून राही. ही अडचण रामचंद्र शर्मा या कारागिराने हेरली. शालेय शिक्षण बेताचे, पण हातात विलक्षण कसब आणि डोळ्यांत निरीक्षण. रबर, लाकूड अशा साध्या वस्तूंतून सर्व बाजूंना वळणारे, अनवाणी वापरता येईल असे पाऊल १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात घडले. त्यामागे कारागिराची कल्पना होती आणि शल्यचिकित्सकाचे शरीरशास्त्राचे ज्ञानही. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. परंतु पदवीधर डॉक्टर एका कारागिराचे म्हणणे ऐकून घेतो, हा क्षण त्या पुरस्काराहून लहान नाही. ज्या कचेरीत वा कारखान्यात 'आजवर असेच चालत आले आहे' हे वाक्य अखेरचे मानले जाते, तिथे किती रामचंद्र मूकपणे निवृत्त होत असतील, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

आज संगणक सांगाल तसे चित्र काढून देतो, मागाल तशी कविता रचतो. मग माणसाच्या सर्जनशीलतेचे काय होणार, अशी चिंता पालकांना वाटते, ती अनाठायी नाही. परंतु पूर्वी झालेल्या कामाची नवी मांडणी करणे वेगळे आणि चिखलात उतरू न शकणाऱ्या शेतकऱ्याची अडचण आपली मानणे वेगळे. प्रश्न मनाला टोचल्यावाचून खरी निर्मिती होत नाही. ते टोचणे हे माणसाचे वैभव आहे.

मुलांच्या बाबतीत हाच विवेक हवा. मूल घड्याळ उघडते, वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करते, भलतेच प्रश्न विचारते. गुण किती पडतील, याच एका काट्यावर हे सारे तोलले की उरतो तो केवळ व्यत्यय. याचा अर्थ शिस्त सोडावी असा नव्हे. गायकाला रियाज सुटत नाही, फाळक्यांनाही रसायनांची मापे चुकवून चालले नसते. शिस्त हवीच; पण ती कल्पनेला उभे राहायला बळ देणारी असावी, तिला घराबाहेर काढणारी नसावी.

प्रत्येक घरात फाळके जन्मेल, असे कोणी म्हणणार नाही. पण प्रत्येक घरात सरस्वतीबाई असू शकतात, प्रत्येक शाळेत कापरेकरांना ओळखणारा एखादा सहकारी असू शकतो, प्रत्येक कचेरीत कारागिरापाशी जाऊन 'तुम्हाला काय वाटते?' असे विचारणारा वरिष्ठ असू शकतो. त्यासाठी दैवी देणगी लागत नाही. लागते ती थोडी उत्सुकता, थोडा वेळ, आणि आपल्याला न सुचलेली गोष्ट दुसऱ्याला सुचली याचा निर्मळ आनंद.