पुनर्जन्म कुणाचा? बंद झालेल्या जपानी स्पोर्ट्स कारविषयी

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



काल या मंडपात संतसाहित्यावर व्याख्यान झालं, उद्या पाणीप्रश्नावर आहे. मधल्या दिवशी संयोजकांनी मला बंद झालेल्या जपानी स्पोर्ट्स कारवर बोलायला उभं केलंय. मगाशी चहाच्या वेळी पहिल्या रांगेतल्या एका काकांनी मला विचारलं, "बंद पडलेल्या गाड्या? म्हणजे धक्का मारायच्या का?" नाही काका. कंपन्यांनी बनवणं बंद केलेल्या. त्या स्वतः ठणठणीत चालतात, आणि त्यातल्या काहींचे आजचे भाव ऐकले तर आपणच बंद पडू.

माझा या विषयाशी संबंध एवढाच की माझी सगळी नोकरी मोटारींच्या कारखान्यात गेली आणि त्यातले काही महिने प्रशिक्षणासाठी जपानात हामामात्सूला काढले. त्या गावाची गोष्ट पुढे येईल. आधी एक तारीख सांगतो: ऑगस्ट २००२. या एका महिन्यात निस्सानची स्कायलाइन जीटी-आर, निस्सानचीच सिल्व्हिया, टोयोटाची सुप्रा आणि माझ्दाची आरएक्स-७ या चार गाड्यांचं उत्पादन थांबलं. एकाच घरातली चार कर्ती माणसं एका महिन्यात जावीत तसं. कारण साथीचं नव्हतं, कायद्याचं होतं. जपानचे धुराविषयीचे नवे नियम लागू झाले आणि जुन्या इंजिनांना त्यात बसवण्याइतका खप उरला नव्हता. १९८९च्या डिसेंबरात टोकाला गेलेला शेअरबाजार नंतर कोसळला होता, आणि ज्या पैशावर या गाड्या जन्मल्या तो पैसा केव्हाच आटला होता.

तेव्हापासून चाहत्यांचा एकच धोशा: परत आणा. आणि कंपन्या अधूनमधून आणतातही. सुप्रा २०१९ साली परत आली. पण तिचं इंजिन बीएमडब्ल्यूचं, सांगाडा बीएमडब्ल्यूच्या झेड-४ बरोबर वाटून घेतलेला, आणि जुळणी ऑस्ट्रियातल्या ग्रात्सला. गाडी वाईट नाही, उलट फार चांगली आहे. होंडाची प्रेल्यूड २००१ साली गेली होती, ती २०२५ साली हायब्रिड होऊन आली. तिच्यात गिअर बदलल्याचा भास होईल अशी खास व्यवस्था आहे. गिअर नाहीत, भास आहे. आपल्याकडे श्राद्धाला पान वाढतात, ते मला आठवलं.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. कुठलीही चांगली गाडी हे एखाद्या प्रश्नाचं उत्तर असतं. गाडी परत आणायची की नाही हे ठरवताना तिचं नाव, तिचे गोल दिवे, तिच्यावरची गाणी बाजूला ठेवायची आणि विचारायचं: तो प्रश्न अजून जिवंत आहे का? असेल तर पुनर्जन्म. नसेल तर तिला सुखानं विश्रांती घेऊ द्या.

या कसोटीवर मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन लावून पाहू. आपल्याकडच्या रॅलीवेड्यांना ही फार जवळची. साधी लान्सर आपल्या रस्त्यांवर होती, त्यामुळे इव्हो ही ओळखीच्या घरातली पैलवान पोरगी वाटायची. पण इव्हो जन्मली १९९२ साली, आणि जन्मली नियमामुळे. जागतिक रॅलीच्या 'ग्रुप ए'मध्ये गाडी उतरवायची तर तशीच गाडी काही हजारांच्या संख्येनं सामान्य गिऱ्हाइकासाठी बनवावी लागे. टॉमी मॅकिनेननं १९९६ ते १९९९ अशी सलग चार विश्वविजेतेपदं याच घराण्याच्या गाड्यांत मिळवली. तो नियमच इतिहासजमा झाला. प्रश्नपत्रिका रद्द झाल्यावर उत्तरपत्रिका पुन्हा कशाला छापायची?

होंडाची एस२००० घ्या. १९९९ ते २००९ अशी दहा वर्षं जगली. हिचा प्रश्न असा: टर्बो न लावता, नुसत्या श्वासावर, दोन लिटरच्या इंजिनातून किती ताकद निघेल? १९९७ सीसीतून २५० अश्वशक्ती काढली आणि इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत फिरवलं. हे उत्तर शंभरपैकी शंभर गुणांचं होतं. पण आज विजेची मोटर याहून जास्त फेऱ्या घाम न गाळता मारते. रियाज करून लावलेला तारसप्तकातला षड्ज आणि बटण दाबून वाजणारा षड्ज यात फरक आहे, हे मला मान्य. पण मग एस२००० ही ध्वनिमुद्रिका म्हणून जपायची. होंडाच्याच एनएसएक्सचा अनुभव बोलका आहे. १९९०ची पहिली एनएसएक्स ॲल्युमिनियमच्या अंगाची आणि साडेतेराशे किलोंच्या आसपास. अशा सुमारे अठरा हजार गाड्या बनल्या. २०१६ साली ती परत आली तेव्हा एका इंजिनाला तीन विजेच्या मोटरींची जोड होती आणि वजन सतराशेच्या वर गेलं होतं. २०२२ साली ती बंद झाली तेव्हा आकडा तीन हजारांनाही शिवला नव्हता. नाव तेच, ताकद जास्त, पण "रोज वापरता येईल अशी, हलकी, भरवशाची सुपरकार" हा मूळ प्रश्न त्या सहा वर्षांत कुणी विचारतच नव्हतं.

आता आरएक्स-७. इथे मात्र मी थोडा थांबणार आहे.

आपल्या नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो. रोटरी इंजिनात दट्ट्याच नसतो. कंबर किंचित आवळलेल्या लांबट गोल पोकळीत एक फुगीर त्रिकोण फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंना आळीपाळीनं हवा ओढणं, दाबणं, जळणं आणि बाहेर टाकणं चालतं. कल्पना जर्मन फेलिक्स वांकेलची. माझ्दानं १९६१ साली एनएसयू या जर्मन कंपनीकडून तिचा परवाना घेतला. का घेतला? कारण त्या काळात जपान सरकारला वाटत होतं की छोट्या मोटार कंपन्यांनी मोठ्यांत विलीन व्हावं. हिरोशिमाच्या या कंपनीला स्वतःचं असं काहीतरी हवं होतं, जे दुसऱ्या कुणाकडे नसेल.

ते मिळालं, पण इंजिन काही तास चालवलं की आतून खरवडलं जायचं. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना एकेक पट्टी असते, तिनं भिंतीला सतत घासत हवा अडवून धरायची. ती पट्टी थरथरायची आणि आतल्या गुळगुळीत भिंतीवर कपडे धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेघा पडायच्या. कामगार त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंते या एका ओरखड्यामागे लागले. धन्यासाठी प्राण देणारे ४७ सामुराई ही जपानी मनातली आपल्या बाजीप्रभूंसारखी कथा, त्यामुळे या सत्तेचाळीसांनाही तेच नाव पडलं. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी सापडली, आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. तिची धाकटी बहीण आरएक्स-७ १९७८ साली आली. तीन पिढ्यांत मिळून आठ लाखांवर बनली. १९९१ साली चार रोटरांच्या ७८७बी गाडीनं ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. पुढचा जपानी विजय यायला २०१८ उजाडलं. शेवटच्या पाळीत गाडी हाकणारा जॉनी हर्बर्ट इतका सुकून गेला होता की सत्काराच्या मंचावर चढायलाही त्याच्या अंगात त्राण नव्हतं.

तर या इंजिनाचा प्रश्न जिवंत आहे का? माझं उत्तर: अर्धा. रोटरी इंजिन पेट्रोल पितं, तेल पितं, धूरही जास्त सोडतं. २०१२ साली आरएक्स-८ही त्यामुळेच गेली. पण ते लहान आहे, हलकं आहे आणि एकाच वेगानं फिरत राहायला दिलं तर समजूतदारपणे वागतं. २०२३ साली माझ्दानं एमएक्स-३० मध्ये एका रोटरचं ८३० सीसीचं इंजिन बसवलं, ते चाकं फिरवत नाही, नुसती वीज करतं. त्याच वर्षी टोकियोच्या प्रदर्शनात दोन रोटरांचं जनित्र असलेली 'आयकॉनिक एसपी' मांडली, वजन १४५० किलो. मला ही दिशा पटते. सासूबाईंनी स्वयंपाकघर सुनेकडे द्यावं आणि लोणच्याची बरणी तेवढी स्वतःच्या हातात ठेवावी, तसं काहीसं.

पण मंडळी, पूर्ण मत माझं दुसऱ्याच गाडीला आहे. तिच्यावर सिनेमे नाहीत आणि तरुणांच्या खोल्यांत तिचं पोस्टरही फारसं दिसत नाही.

जपानात 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी-रुंदी कायद्यानं बांधलेली, कर कमी. शिवाय कंपन्यांनी आपसांत ठरवलेली ६४ अश्वशक्तीची लक्ष्मणरेषा. ती सुझुकीच्या १९८७च्या अल्टो वर्क्सपासून आजतागायत कुठल्याही जपानी कंपनीनं ओलांडलेली नाही. या चौकटीत १९९१-९२ साली तीन कंपन्यांनी तीन स्पोर्ट्स कार केल्या. माझ्दाच्या ऑटोझॅम दुकानांतून विकलेली एझेड-१, होंडाची बीट आणि सुझुकीची कापुचिनो. आद्याक्षरांवरून जपानी लोक या तिघींना एबीसी म्हणतात. एझेड-१ची दारं पंखासारखी वर उघडतात. बीटला टर्बो नाही, पण इंजिन साडेआठ हजार फेऱ्यांपर्यंत गुणगुणतं. आणि कापुचिनोचं काय सांगू, तिचं माझं थोडं नातंच आहे.

हामामात्सूला माझ्या भाड्याच्या खोलीसमोर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. त्यांच्याकडे लाल कापुचिनो होती. पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती, वजन जेमतेम सातशे किलो. एका रविवारी ते मला हामाना तळ्यावर घेऊन गेले. निघण्यापूर्वी छत उतरवण्याचा सोहळा झाला. छताचे ॲल्युमिनियमचे तीन तुकडे. त्यांनी एकेक खिट्टी सोडवून ते काढले, मध्ये पंचे घालून डिकीत रचले, आणि मागची काच आसनांच्या पाठीमागे खाली घेतली. बंद गाडी, अर्धी उघडी, जास्त उघडी, पूर्ण उघडी, अशी चार रूपं एका गाडीत. पण डिकी छतानंच भरली. परतताना त्यांनी बाजारातून कांद्याच्या पातीची जुडी घेतली, ती ठेवायला जागा फक्त माझ्या मांडीवर होती. रस्ता माझ्या कोपराखाली वीतभर अंतरावरून पळत होता आणि काटा पन्नासच्या पुढे नव्हता. आयुष्यात इतक्या कमी वेगात इतकी मजा मला कधी आली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं आणि मी चमकलो. तीन सिलिंडर. सुझुकीचं एफ६ए, ६५७ सीसी. आपल्या मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन, एफ८बी, याच एफ घराण्यातलं. माझ्या वडिलांनी ज्या गाडीतून आम्हाला कोल्हापूरला देवीला नेलं, तिच्या इंजिनाची ही चुलत बहीण. तिला टर्बो आणि बारा व्हॉल्व्ह मिळाले, आपलीला भाजीच्या पिशव्या आणि पाचवा प्रवासी.

कापुचिनो १९९८ साली बंद झाली. तिचा प्रश्न होता: कमीत कमी सामानात जास्तीत जास्त आनंद किती? आणि हा प्रश्न आज १९९१पेक्षा जास्त जिवंत आहे. गाड्या दर पिढीला फुगतायत, पार्किंगच्या चौकोनात दार उघडेना झालंय, आणि आपण दीड टनाचं लोखंड हलवून एक माणूस ऑफिसला पोहोचवतो. विजेच्या गाडीला तर हलकेपणा वरदान आहे, वजन कमी तर बॅटरी लहान, बॅटरी लहान तर वजन आणखी कमी.

आक्षेप मला माहीत आहेत. हवेच्या पिशव्या, आपोआप लागणारे ब्रेक, टक्करीच्या चाचण्या. सातशे किलोंत हे कसं बसवणार? सातशेत बसणार नाही. पण होंडानं २०१५ साली एस६६० ही गाडी साडेआठशेच्या आत बसवून दाखवली. तिची जबाबदारी होंडानं कंपनीतली अंतर्गत स्पर्धा जिंकलेल्या ऱ्यो मुकुमोतो या विशीतल्या मुलाकडे दिली होती. २०२१ साली ती बंद होणार असं जाहीर झालं, तेव्हा उरलेल्या गाड्यांच्या मागण्या काही आठवड्यांत भरून गेल्या. गिऱ्हाईक आहे. दुसरा दाखला माझ्दाच्या रोडस्टरचा. १९८९ साली आली, दहा लाखांचा टप्पा ओलांडला, आणि चार पिढ्यांनंतरही एक टनाच्या आसपासच आहे. तिला पुनर्जन्माची गरज पडली नाही, कारण तिनं आपला प्रश्न कधी सोडला नाही.

कापुचिनो म्हणजे छोट्या कपातलं पेय म्हणून ते नाव. हीच गाडी आपल्याकडे झाली असती तर मी तिचं नाव 'कटिंग' ठेवलं असतं. कटिंग म्हणजे अर्धा चहा, पण पाणी घातलेला नव्हे. आलं तेवढंच, उकळी तेवढीच. पेला तेवढा लहान.

तेव्हा माझा निकाल असा: आरएक्स-७ला सशर्त मंजुरी, इव्हो आणि एस२०००ला सन्मानानं निवृत्ती, आणि कापुचिनोला पुनर्जन्म.

आणि काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. धक्का मारायच्या का? सतराशे किलोची गाडी रस्त्यात बंद पडली तर क्रेन बोलवावी लागते. कापुचिनो बंद पडली तर तुम्ही आणि मी, दोघं पुरे.