संगणकीय तपास आणि यत्नाचार



जमाखर्चातील लहानसा फरकही दुर्लक्षू नये, हा आपल्या पेढ्यांचा संस्कार आहे. १९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक-हिशेबात अवघ्या ७५ सेंटचा फरक आढळला. खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल यांनी त्याचा पिच्छा पुरविला आणि थेट पश्चिम जर्मनीतील घुसखोराचा माग लागला. असा तपास हा आज एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

ईर्यासमिती पाळणारे मुनी पावलाखालील जीवास जपतात. तपासनीस मूळ पुराव्यास जपतो. तो डिस्कच्या हुबेहूब प्रतीवर काम करतो आणि प्रत मुळाशी जुळते, हे ‘हॅश’ या अंकमुद्रेने दाखवितो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रातही हॅश नोंदवावा लागतो. हल्ल्याच्या वेळी घाबरून यंत्र बंद केले, तर त्याच्या तात्पुरत्या स्मृतीतील खुणा नष्ट होतात. म्हणून तेथे धीर हवा.

नोंदीत एखाद्याचे नाव दिसले, म्हणजे तोच दोषी ठरत नाही. त्याचा पासवर्ड दुसऱ्यानेही वापरलेला असू शकतो. एकांगी निष्कर्षाने निरपराधाचे आयुष्य उद्ध्वस्त होते. येथे अनेकांतदृष्टी हेच खरे साधन होय. आपल्या तरुणांनी या क्षेत्रात अवश्य यावे; मात्र कौशल्याबरोबर हा विवेकही आणावा.