जुन्या मोटारीचा व्यापार : नफा आणि नोंद



पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा मोटारींच्या निर्मितीसाठी देशभर ओळखला जातो. १९६० नंतरच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरी-चिंचवडला टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, यांचे कारखाने उभे राहिले. पुढे चाकण आणि तळेगावच्या माळरानावर देशी-विदेशी कंपन्या आल्या. या कारखान्यांमुळे परिसरात फिटर, वेल्डर, रंगारी आणि विद्युततंत्री यांची पिढी तयार झाली, आणि त्याचबरोबर जुन्या मोटारींचा मोठा व्यापारही या भूमीत रुजला. वापरलेली मोटार विकत घ्यावयाची, तिची डागडुजी व साफसफाई करावयाची आणि थोड्याच दिवसांत ती नफ्याने विकावयाची, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. गॅरेजमध्ये काम केलेले, घरचे थोडेसे भांडवल असलेले अनेक तरुण आज या व्यवसायाकडे वळत आहेत.

या व्यवसायात गैर असे काही नाही. मूळ मालकाला नको असलेली गाडी दुरुस्त होऊन गरजू कुटुंबाला परवडणाऱ्या किमतीत मिळते, कारागिराला काम मिळते आणि व्यापाऱ्याला त्याच्या पारखीचा मोबदला मिळतो. मात्र जुन्या मोटारीच्या बाजारात एक अंगभूत उणीव आहे. गाडीतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला ते दिसत नाहीत. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली याच बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि वाईट गाडी यांतील फरक ओळखता आला नाही, तर तो सर्वच गाड्यांना कमी भाव देऊ लागतो. परिणामी चांगल्या गाडीचा मालक बाजारातून माघार घेतो आणि बाजारात वाईट गाड्यांचेच प्रमाण वाढत जाते. या विषयावरील कार्याबद्दल त्यांना २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या सिद्धांताचा व्यावहारिक अर्थ असा, की विश्वास हेच या व्यापाराचे खरे भांडवल होय.

आता नफ्याचा हिशेब पाहू. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने दोन लाख रुपयांना मोटार घेतली, डेंटिंग-पेंटिंग, टायर व बॅटरी यांवर तीस हजार रुपये खर्च केले आणि ती दोन लाख साठ हजारांना विकली. वरवर पाहता तीस हजार रुपये सुटले. परंतु वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला खरेदी आणि विक्री यांच्या किमतींतील फरकावर कर भरावा लागतो. डिसेंबर २०२४ मधील वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशीनंतर हा दर जुन्या वाहनांसाठी सरसकट १८ टक्के झाला. येथे फरक साठ हजारांचा असल्याने कर सुमारे १०,८०० रुपये होतो. दुरुस्तीचा खर्च या फरकातून वजा होत नाही. उरलेल्या १९,२०० रुपयांतून जागेचे भाडे, भांडवलावरील व्याज आणि दलाली द्यावयाची असते. गाडी दोन-तीन महिने पडून राहिली, तर नफा जवळजवळ संपुष्टात येतो. म्हणूनच या धंद्यात लवकर विकण्याला एवढे महत्त्व आहे.

भावाचेही काही नियम असतात. जनरल मोटर्स कंपनीचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला. कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली आणि २०२० अखेर येथील उत्पादनही बंद केले. ज्या गाडीची नवी विक्री थांबते, तिचे सुटे भाग मिळतील की नाही अशी शंका घेणाऱ्याच्या मनात उत्पन्न होते आणि तिचा भाव उतरतो. हे न जाणता केवळ स्वस्त मिळते म्हणून गाडी घेणारा व्यापारी स्वतःच अडकतो.

घाईच्या या गणितातूनच एक घातक प्रथा निर्माण झाली आहे. गाडी घेताना मूळ मालकाकडून मालकी हस्तांतराच्या नमुना २९ व ३० वर केवळ सह्या घ्यावयाच्या, घेणाऱ्याचे नाव कोरेच ठेवावयाचे आणि गाडी हातोहात पुढे विकावयाची. मध्ये कितीही हात बदलले तरी परिवहन कार्यालयाच्या दप्तरी नाव पहिल्या मालकाचेच राहते. शुल्क वाचते, वेळ वाचतो. धोका मात्र मूळ मालकाच्या माथी येतो.

हा धोका काल्पनिक नाही. हरियाणातील एका प्रकरणात २००७ पासून एक मोटार एकामागून एक अनेक जणांना विकली गेली, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहिली. २००९ साली त्या मोटारीमुळे अपघात होऊन एकाचा मृत्यू झाला. वाहनाचा विमा नव्हता. गाडी आपण केव्हाच विकली आहे, हे पहिल्या मालकाचे म्हणणे उच्च न्यायालयाने ग्राह्य धरले होते. परंतु ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कायद्याच्या दृष्टीने ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक होय आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. अपघातग्रस्त कुटुंबाने मालकांच्या साखळीचा शोध घेत फिरावे, हे न्यायालयाला मान्य झाले नाही.

याच दृष्टीने मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० मधील तरतूद समजून घेणे अगत्याचे आहे. राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळविणे आवश्यक असते. वाहनावर कर्जाचा बोजा असल्यास तो आधी उतरवून घेणे इष्ट असते. विम्याचे हस्तांतरही वेळेत करून घेतले पाहिजे.

प्रामाणिक व्यापाऱ्याची एक अडचण होती, हेही मान्य केले पाहिजे. दोन आठवड्यांसाठी गाडी स्वतःच्या नावे करून पुन्हा ग्राहकाच्या नावे करणे त्याला खर्चाचे पडे. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत सुधारणा करून यावर मार्ग काढला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घेता येते. मालकाने अशा व्यापाऱ्याच्या ताब्यात वाहन दिल्याची सूचना नमुना २९-सी द्वारे दिली, की गाडी पुढे विकली जाईपर्यंत व्यापारीच तिचा मालक मानला जातो आणि जबाबदारी त्याच्यावर येते. हस्तांतर, योग्यता प्रमाणपत्र किंवा नोंदणीचे नूतनीकरण यांसाठी तो स्वतः अर्ज करू शकतो. त्याच्या ताब्यातील गाडी दुरुस्ती, रंगकाम, तपासणी किंवा ग्राहकाला दाखविणे अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते.

खेड आणि मावळ तालुक्यांतील गावांच्या दृष्टीने हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. जमिनीचा मोबदला किंवा कारखान्यातील पगार हाती आलेल्या कुटुंबाची पहिली मोटार बहुधा जुनीच असते. रंग चकचकीत दिसला आणि किलोमीटरचा आकडा कमी दिसला, की व्यवहार उरकला जातो. तो आकडा मागे फिरविता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. सर्व्हिसिंगच्या नोंदी पाहाव्यात, ओळखीच्या मिस्त्रीकडून गाडी तपासून घ्यावी, चासी व इंजिन क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावेत, थकलेला दंड, विमा आणि बोजा यांची खात्री परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर करावी. एवढ्या दक्षतेने पुष्कळशी फसवणूक टळते.

या कामी पंचायत सदस्य आणि शिक्षक यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. ग्रामसभेत कलम ५० ची माहिती दिली, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला प्राधिकारपत्राची वाट दाखविली आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नये एवढी एक गोष्ट घरोघर पोहोचविली, तरी बरेच काही साधेल. रंगाने गाडी नवी दिसते, पण नोंदीशिवाय ती घेणाऱ्याची होत नाही आणि विकणाऱ्याची सुटका होत नाही. जो व्यापारी गाडीबरोबर तिचे कागदही स्वच्छ करून देईल, त्याच्याकडे ग्राहक पुन्हा येईल आणि त्याचा धंदा टिकेल.