कट्ट्यावर उभी राहिली की पोटात गोळा येतो



मागच्या आठवड्यात एका बचत गटातल्या ताईंचा फोन आला. लेक विहिरीत मासोळीसारखी पोहते, पण जिल्ह्याच्या स्पर्धेत कट्ट्यावर उभी राहिली की हातपाय गळतात. "तिच्या मनाचं काय करू?" असं त्यांनी विचारलं. आज त्याबद्दलच बोलू.

अमेरिकेचा मायकेल फेल्प्स. २००८ सालचं बीजिंग ऑलिम्पिक, २०० मीटर बटरफ्लायची अंतिम शर्यत. उडी मारली आणि त्याच्या चष्म्यात पाणी शिरलं. शेवटी तर समोरची भिंतही दिसेना. पण एका फेरीला आपले किती हात लागतात हे त्याला पाठ होतं. हात मोजत तो गेला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांत, विश्वविक्रम करून पहिला आला.

हे नशीब नव्हे. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला रोज झोपताना आणि उठल्यावर मनातल्या मनात अख्खी शर्यत पोहायला लावत. त्यात काय काय बिघडू शकतं, तेही तो डोळ्यांपुढे आणायचा. म्हणून बिघडलं तेव्हा नवल वाटलं नाही.

ताई, हे लेकीलाही जमेल, पैसा लागत नाही. रात्री अंथरुणावर डोळे मिटून तिनं उडीपासून भिंतीला हात लागेपर्यंत सगळं बघावं. शेजारची पुढे गेली, नाकात पाणी गेलं, मग मी काय करीन, हेही. सरावात हात मोजावेत. शिट्टीआधी श्वास सावकाश सोडावा. धडधड होणारच, ती सगळ्यांना होते. (पाण्याखाली श्वास रोखायच्या पैजा मात्र नकोत, त्यात शुद्ध हरपते. आणि विहिरीत एकटीनं उतरायचं नाही.)

आता आपलं. पोर ओल्या केसांनी दारात येते आणि आपण विचारतो, "कितवी आलीस?" आम्हीही हेच विचारत आलो. एकदा आमच्यातल्या एकीची मुलगी उत्तर न देता आत गेली आणि चार दिवस सरावाला गेली नाही. आता आम्ही आधी जेवायला वाढतो. सांगायचं ते ती जेवताना सांगते.

एवढी पदकं मिळवूनही फेल्प्सला नैराश्य आलं होतं. जगणं नको वाटत होतं, हे त्यानं उघड सांगितलंय. मुलगी जेवेना, झोपेना, बोलेना झाली तर सरकारच्या टेली मानसला १४४१६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत.

आणि ताई, पुढची स्पर्धा झाली की आम्हाला फोन करा. कितवी आली ते नंतर सांगा.