लाल कोठार, फाशीचा दोर आणि गरीबपट्टी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

मागच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने विचारलेला प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. एखाद्या गावात मुलीचा खून होतो, मोर्चा निघतो, मोर्चात आपलेही लोक असतात आणि ‘चौकात फाशी द्या’ अशी घोषणा उठते. ती घोषणा आपण द्यावी की नाही, असा त्याचा प्रश्न होता. मी त्या वेळी उत्तर टाळले. सारे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले. फाशी हा काही माझा विषय नव्हे. परंतु चौकातली फाशी ही नुसती कल्पना नाही. ती प्रत्यक्षात घडून गेलेली गोष्ट आहे आणि तिच्या नोंदी शिल्लक आहेत. दोराच्या तुकड्याला काय भाव आला, हेसुद्धा त्यांत सापडते. आणि जिथे भाव लिहून ठेवलेला असतो तिथे अर्थशास्त्राच्या मास्तरालाही दोन शब्द बोलण्याचा अधिकार पोचतो. म्हणून आज एकच खटला सांगणार आहे.

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक नावाचा परगणा आहे. तिथल्या पोलस्टेड या खेड्यातली, १८२७ सालची ही हकीकत. आपल्याकडे मुंबई इलाख्यासाठी एल्फिन्स्टनची कायदेसंहिता झाली तेच हे साल. इंग्रजी न्याय म्हणून जी वस्तू आपल्याकडे जहाजातून उतरत होती, ती तिच्या माहेरी कशी नांदत होती, हे यावरून पाहता येईल.

मारिया मार्टेन ही त्या गावच्या एका गरीब माणसाची मुलगी. बापाचा धंदा शेतजमीन पोखरणारे, चिचुंद्रीसारखे प्राणी पकडण्याचा. विल्यम कॉर्डर हा सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा, तिच्याहून दोनेक वर्षांनी लहान. तरुणपणीच त्याने बापाची डुकरे परस्पर विकली होती आणि खोटा चेक वटवला होता; पण अशा गोष्टी अशा घरांत निस्तरल्या जातात. मारियाला पहिले मूल झाले ते याच विल्यमच्या थोरल्या भावापासून. ते तान्हेपणीच गेले. दुसरा मुलगा झाला तो पीटर मॅथ्यूज नावाच्या एका सधन गृहस्थापासून. त्याने लग्न केले नाही; मात्र मुलासाठी पैसे पाठवत राहिला. पुढे विल्यमशी संबंध आला. अवघ्या दीड वर्षात विल्यमचा बाप आणि तीन भाऊ एकामागून एक मरण पावले आणि शेतीचा सारा कारभार विल्यम आणि त्याची आई यांच्याकडे आला. १८२७ साली मारियाला त्याच्यापासून मूल झाले. तेही जगले नाही.

इथे थोडे थांबून त्या काळची ग्रामव्यवस्था समजावून घेतली पाहिजे. नाहीतर पुढचे काही कळणार नाही. १८१५ साली नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले आणि धान्याचे भाव कोसळले. पूर्व इंग्लंडातल्या शेतमजुराची मजुरी पोटापुरतीही राहिली नाही. उरलेली तूट ‘पॅरिश’ म्हणजे चर्चच्या हद्दीतली ग्रामसंस्था भरून काढी आणि त्यासाठी जमीनधारकांवर कर बसवी. त्याला आपण गरीबपट्टी म्हणू. व्यवस्थेतली मेख अशी, की शेतकरी मजुरी कमी देई आणि तूट साऱ्या गावावर ढकली. शिवाय पट्टीचा हिशेब पाहणारे पंचही बहुधा शेतकरीच असत. साहजिकच पट्टी वाढवणाऱ्या प्रत्येक तोंडावर त्यांची नजर असे. बिनलग्नाच्या बाईला दिवस गेले, की तिला बापाचे नाव शपथेवर सांगायला लावत, म्हणजे खर्च त्याच्याकडून वसूल करता येई. ते मूल पॅरिशच्या गळ्यात पडले, तर त्या बाईला ‘सुधारगृह’ नावाच्या तुरुंगात धाडण्याची कायद्यात सोय होती. नीतीची भाषा चर्चच्या व्यासपीठावरून चाले. व्यवहार मात्र पट्टीच्या वहीत होई.

१८ मे १८२७ चा शुक्रवार. कॉर्डर मार्टेनच्या झोपडीत आला आणि मारियाला म्हणाला, ‘आत्ताच निघायला हवे. अनौरस मुलांबद्दल तुझ्यावर कारवाई होणार आहे. हवालदाराकडे वॉरंट आलेले आहे.’ त्याने सुचवले, की तिने पुरुषाचा वेष करून गावाजवळच्या लाल कोठारात यावे. तिथून इप्सविचला जाऊन लग्न करू. मारियाची सावत्र आई त्या वेळी समोर होती. मारिया गेली. ती पुन्हा कोणाला जिवंत दिसली नाही.

असे कोणतेही वॉरंट निघालेले नव्हते. पण हे खोटे तिला खरे वाटले, कारण तसे वॉरंट निघू शकत होते. साथींनो, या खटल्यावर गेल्या दोनशे वर्षांत किती लिहिले गेले याला गणती नाही. पिस्तुलाबद्दल लिहिले, स्वप्नाबद्दल लिहिले, कॉर्डरच्या कवटीच्या आकाराबद्दलही लिहिले. या एका वाक्यापाशी मात्र फार थोडे थांबले. मारियाला त्या कोठारापर्यंत चालवत नेले ते प्रेमाने जेवढे, तेवढेच कायद्याच्या भीतीने. ते हत्यार कॉर्डरला घडवावे लागले नाही. गावच्या व्यवस्थेने ते तयारच ठेवले होते आणि ते कोणाच्या हातात शोभते हे शेतकऱ्याच्या मुलाला पक्के ठाऊक होते.

त्यानंतर अकरा महिने काहीच झाले नाही. कॉर्डर गावात होता तोवर मारिया सुखरूप असल्याचे सांगत राहिला. गाव सोडल्यावर पत्रे आली, की आमचे लग्न झाले, आम्ही वाइट बेटावर राहतो. तिचे पत्र का येत नाही, तर कधी हात दुखावला, कधी पत्र गहाळ झाले. तिच्यासाठी पॅरिशचा पंच धावला नाही की हवालदार. ज्या गावाला तिच्या पोटातल्या प्रत्येक मुलाचा हिशेब हवा होता, त्या गावाला ती स्वतः कुठे गेली हे विचारण्याची गरज भासली नाही. तिचा खर्च वहीतून कमी झाला होता.

अखेर हालचाल केली ती सावत्र आईने. ॲन मार्टेन मारियाहून जेमतेम एका वर्षाने मोठी. तिला स्वप्ने पडू लागली, की मारिया मारली गेली आहे आणि तिला कोठारात पुरले आहे. १९ एप्रिल १८२८ रोजी तिने नवऱ्याला तिथे पाठवले. त्या बापाने, ज्याचा जन्म जमीन उकरण्यात गेला होता, स्वतःच्या हाताने ती जमीन उकरली आणि पोत्यात बांधलेली मुलगी वर काढली. केसांवरून, कपड्यांवरून, एका नसलेल्या दातावरून ओळख पटली. गळ्याभोवती कॉर्डरचा हिरवा रुमाल होता. या स्वप्नाचे त्या काळी मोठे नवल झाले आणि पुढे काही लेखकांनी उलट त्या बाईवरच संशय घेतला. मला यात गूढ काही दिसत नाही. मजुराच्या बायकोने शेतकऱ्याच्या मुलावर संशय घेतला, तर तिला कोण विचारतो? स्वप्न पडले म्हटल्यावर निदान ऐकून तरी घेतात.

कॉर्डर सापडला लंडनजवळ ब्रेंटफर्डला. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून बायको मिळवून तिच्यासह तो मुलींची निवासी शाळा चालवत होता! पोलीस अधिकारी आला तेव्हा नाश्त्याची अंडी उकडत होती.

खटला ७ ऑगस्ट १८२८ रोजी बरी सेंट एडमंड्स या शहरी उभा राहिला. बाहेरगावचे लोक दोन आठवडे आधीपासून येऊन उतरले होते. गर्दीमुळे न्यायालयात प्रवेश तिकिटावर ठेवावा लागला. खुनाचे बाहुल्यांचे खेळ त्याआधीच जत्रेत झाले होते, वर्तमानपत्रांनी निकालही देऊन टाकला होता. खुद्द न्यायाधीशांनीच या प्रकाराबद्दल नाराजी व्यक्त केली. मृत्यू गोळीने, भोसकण्याने की गळा आवळून, हे प्रेताच्या अवस्थेवरून ठरेना, म्हणून आरोपपत्रात प्रत्येक शक्यता वेगळी घालण्यात आली. गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करण्याची मुभा तोवर नव्हती, ती मिळाली १८३६ साली. म्हणून कॉर्डरने आपला बचाव स्वतःच वाचून दाखवला, की तिने आत्महत्या केली. मारियाच्या दहा वर्षांच्या भावाने त्याला पिस्तुलासह पाहिल्याचे सांगितले. ज्यूरीला ३५ मिनिटे पुरली. फाशी, आणि नंतर प्रेताचे विच्छेदन. खुन्याला दफन मिळू नये, असा कायदा १७५२ पासून होता.

तुरुंगात त्याने कबुली दिली, की भांडणात आपल्या हातून गोळी सुटली. तो अपराधी होता याविषयी मला शंका नाही. त्याची बाजू मांडायला मी उभा नाही.

११ ऑगस्टला दुपारी बाराच्या सुमारास त्याला तुरुंगाबाहेर फाशी दिली. एका वर्तमानपत्राने गर्दी सात हजार सांगितली, दुसऱ्याने वीस हजार. तासाभराने प्रेत उतरवले. त्याची विजार आणि पायमोजे फाशी देणाऱ्या जॉन फॉक्स्टनचे, हा त्याचा हक्क. आपल्या बलुतेदाराच्या हक्कासारखाच. मग प्रेत न्यायालयातच नेऊन पोट चिरून मांडले आणि संध्याकाळी सहापर्यंत पाच हजारांहून अधिक माणसे रांगेने ते पाहून गेली. दहशत बसावी हा हेतू. याच राज्यकर्त्यांनी १८३२ साली पुण्यात उमाजी नाईकांना फाशी दिल्यावर त्यांचे प्रेत लोकांना दिसावे म्हणून पिंपळाला टांगले, तेव्हाही शास्त्र हेच होते. पण बरी शहरातल्या गर्दीत दहशत कितपत होती? दोराचे तुकडे एकेका गिनीला गेले. कोठाराच्या फळ्या उचकटून त्यांच्या दात कोरायच्या काड्या करून विकल्या. मारियाच्या केसांची बट दोन गिनीला गेली. जेम्स कॅटनॅक या लंडनच्या मुद्रकाने काढलेली या खुनावरची चोपडी दहा लाखांहून अधिक खपली असे सांगतात. एका डॉक्टरने कॉर्डरचे कातडे कमावून त्यात या खटल्याच्या हकीकतीचे पुस्तक बांधून घेतले. ते त्या शहराच्या संग्रहालयात आजही आहे. साथींनो, ही बाजारपेठ आहे. मोठ्या फाशीच्या गर्दीत खिसेकापूंचा धंदा तेजीत असे, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. आणि १८०८ पर्यंत खिसेकापूपणाला शिक्षा फाशीचीच होती!

या खटल्यावर पुढे नाटके झाली, १९३५ साली चित्रपटही निघाला. नाटकवाल्यांनी दोन दुरुस्त्या केल्या. कॉर्डरला गावचा वयस्क जमीनदार केले आणि मारियाला निष्पाप कुमारिका. तिची मुले गाळून टाकली. दुरुस्ती धंद्याच्या दृष्टीने अचूक होती. तीन मुलांच्या बिनलग्नाच्या आईसाठी प्रेक्षक रडला नसता. पण मुले गाळली, की वॉरंटही गळते, वॉरंट गळले की पॅरिश गळते, आणि रंगमंचावर उरतो फक्त एक दुष्ट माणूस, ज्याला लटकावले की सर्व हिशेब मिटतो. मोर्चातली घोषणा ऐकताना मला हीच दुरुस्ती आठवते. बळी पडलेल्या मुलीबद्दल आपण सर्वांत आधी काय विचारतो, ते जरा आठवून पाहा.

त्या दोन कायद्यांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. १८३२ साली खुन्याच्या प्रेताचे विच्छेदन बंद झाले. मात्र वैद्यकशाळांना प्रेते हवीच होती. म्हणून नव्या कायद्याने ती सोय गरीबगृहात मेलेल्या बेवारशी माणसांवर लावून दिली. जी खुन्याची शिक्षा होती ती निर्धनाच्या वाट्याला आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, गरीबविषयक नवा कायदा झाला आणि अनौरस मुलाच्या पोषणाचा भार मुख्यतः आईवर टाकून बापाला जवळजवळ मोकळे करण्यात आले. बाया खोटी नावे सांगतात, असे त्याचे कारण दिले गेले. लाल कोठाराची हकीकत ताजी असताना, त्यावरच्या चोपड्या घरोघर असताना हे घडले. तिच्यासाठी ज्यांनी डोळे पुसले त्यांच्याच प्रतिनिधींनी ते कलम मंजूर केले, आणि चौकातली फाशी तर त्यानंतर आणखी चौतीस वर्षे, १८६८ पर्यंत, चालू राहिली.

कॉर्डरचा सांगाडा वैद्यकीय शिक्षणासाठी वापरला गेला आणि २००४ साली त्याचे दहन झाले. लाल कोठार १८४२ साली जळाले. पोलस्टेडच्या चर्चच्या आवारात मारियाचे थडगे होते. आठवण म्हणून नेणाऱ्यांनी त्यावरचा दगड कपच्या काढून काढून संपवला, आणि आता तिथल्या एका पडवीवर, ती जवळपास इथे पुरली आहे, एवढे सांगणारी पाटी आहे.

ज्याने प्रश्न विचारला होता तो कार्यकर्ता आज समोर बसलेला दिसतो आहे. आता त्याने बोलावे.