होडीतली जागा



कवी माणसाला समुद्राविषयी बोलायला बोलावलं की तो पैलतीर, वादळ, दीपस्तंभ असं काहीतरी काढणार, हे ठरलेलंच. आज मी तसलं काही बोलणार नाही. बोलणार आहे ते लहान होडीत सामान कसं ठेवावं यावर. हा विषय मी पुस्तकात वाचला नाही, एका चुकीतून शिकलो.

माझे मामू रत्नागिरीच्या राजिवड्याचे. भाट्याच्या खाडीत आणि तिच्या तोंडाबाहेर ते मासेमारी करायचे. होडी लाकडी, वीस-बावीस फुटांची. तिच्यात माणसं दोन-तीन, आणि सामान म्हणाल तर जाळं, नांगर, दोर, वल्ही, मशीन, तेलाचा कॅन, बर्फ, पाणी, भाकरी. घरात खोली वाढवता येते, होडीला खण वाढवता येत नाही.

१९८९ साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सप्टेंबरात सुट्टीच्या दिवशी मामूंबरोबर गेलो. मला बसून वाचायला जागा हवी होती, म्हणून नाळेतला नांगराचा दोर उचलून मी मध्ये टाकला. वर जाळं आलं, जाळ्यावर डबे आले. परतताना खाडीच्या तोंडाशी मशीन बंद पडलं. ओहोटी लागलेली. पाणी आम्हाला बाहेर, वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या तिकडे ओढू लागलं. मामू ओरडले, "नांगर टाक!" मी दोर ओढला, तर दोराबरोबर जाळंच वर आलं. नांगराच्या दातांत ते पुरतं गुंतलं होतं.

मामूंनी मागच्या फळीखाली हात घातला, सुरी काढली आणि जाळं कापलं. नांगर लागला, आम्ही वाचलो. सुरी तेवढी जागेवर होती, कारण ती त्यांनी ठेवली होती. जाळं त्याच मोसमात उसने पैसे घेऊन आणलेलं. पुढचे चार महिने मामू दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाले, "चल, होडी लावूया." आणि दिवसभर माझ्याकडून सगळं सामान जागच्या जागी लावून घेतलं.

त्या दिवशीचे नियम मला अजून पाठ आहेत. जड वस्तू तळाशी आणि मधोमध. वर किंवा एका कडेला ठेवली तर होडी कलते. नांगराच्या दोरावर काहीही ठेवायचं नाही. जाळं भरताना बोये एका बाजूला, शिसं दुसऱ्या बाजूला, म्हणजे सोडताना ते सरळ उलगडतं. जाळ्याखाली बांबूच्या कामट्यांची जाळी, म्हणजे तळाचं पाणी खालून वाहून जातं. नायलॉन कुजत नाही, पण उन्हानं कमजोर होतं. म्हणून वर ओलं गोणपाट.

बाकीची सोय टाकाऊ वस्तूंतून होते. प्लास्टिकचा रिकामा कॅन तिरका कापला, मूठ ठेवली, की पाणी उपसायचं भांडं तयार. तसाच दुसरा कॅन तोंड मोठं करून कडेला बांधला की त्यात गळ, सुतळी, जाळं विणायची सुई राहते. तळाला भोकं मात्र पाडायची, नाहीतर आत खारं पाणी साचून गळ गंजतात. वल्ही बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम. ताण बसतो आणि एका झटक्यात सुटतातही. फाटक्या जाळ्याचा तुकडा नाळेत झोळीसारखा टांगला की कपडे, भाकरी कोरडी राहते.

आताच्या फायबरच्या होड्यांना एक सांगणं आहे. खण करायचे म्हणून दिसेल तिथे भोकं पाडू नका. भोकातून पाणी आतल्या लाकडात मुरतं आणि ते कुजतं. शक्य तिथे बांधा, ठोकू नका. मोबाईल, बॅटरी, कागदपत्रं फिरकीच्या झाकणाच्या बरणीत ठेवा. आधी बरणीत कोरडा कागद घालून ती रात्रभर बादलीत दाबून ठेवा. सकाळी कागद कोरडा निघाला तरच तिच्यावर भरवसा. पेट्रोलचा कॅन बंद खणात ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते.

आणि लाईफ जॅकेट. नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळानं कोकण किनाऱ्यावरच्या अनेक मच्छीमारांचा जीव घेतला. वादळ अंगावर आल्यावर खालचं सामान उपसत बसायला सवड मिळत नाही. बऱ्याच होड्यांत जॅकेटं नवी राहावीत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतच बांधून अगदी तळाशी ठेवलेली मी पाहिली आहेत. जॅकेटची खरी जागा अंगावर. तिथे नसेल, तर निदान हात पोचेल तिथे, सगळ्यांच्या वर.

शेवटी मामू एक परीक्षा घ्यायचे. डोळे मिटायला सांगायचे आणि म्हणायचे, "सुरी दे. नांगराचा दोर दे. बॅटरी दे." चाचपडावं लागलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं लावायचं. तुमच्यापैकी ज्यांची होडी आहे, त्यांनी उद्या पहाटे बिस्मिल्ला म्हणून किंवा नारळ वाढवून पाण्यात लोटण्याआधी एकदा डोळे मिटून पाहावं.

मामू आता नाहीत. त्यांची ती सुरी माझ्या घरी आहे. रोज तिचं काही काम पडत नाही, पण तिची जागा ठरलेली आहे.